रयत, नागरिक आणि राज्य

पुणे दरबाराने १७७९ च्या तहाने पोर्तुगीजांना वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावे देण्याचे कबूल केले आणि १७८३ व १७८५ साली नगर हवेली व दादरा येथील गावे त्यांच्याकडे गेली. गावे दिली म्हणजे गावांचा वसूल दिला. तेथे नांगर धरणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया कुळांना कोणी विचारले नाही. त्या काळी तशी रीतही नव्हती. राज्याचा व माणसाचा संबंध सारा भरण्यापुरताच असला म्हणजे त्या माणसास रयत म्हणतात. नागरिक हा निराळा शब्द आहे. शाळेतील नागरिकशास्त्राच्या पुस्तकात त्याची व्याख्या मुले पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. ती समजून घ्यायची असेल, तर दमणगंगेच्या काठच्या या लहानशा मुलखाची हकीकत पाहावी.

१९५४ च्या २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली व २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. गोमंतकीय संघटना आणि महाराष्ट्रातून आलेले स्वयंसेवक यांनी हे काम केले. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांच्यातच होते. दादऱ्याच्या ठाण्यावर अनिसेतो रोझारियो हा पोलीस अधिकारी मारला गेला. तोही आपले नेमलेले काम करीत होता. विजयाची कथा सांगताना त्याचे नाव गाळणे बरे नव्हे.

परंतु खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी उभा राहिला. पोर्तुगीज अंमल उठला होता आणि भारत सरकारने तर हा मुलूख अजून आपल्यात घेतला नव्हता. चोरी झाली तर दाद कोणाकडे मागावी? बांधाच्या तंट्याचा निवाडा कोणी करावा? शाळामास्तरांचा पगार, दवाखान्यातील औषध, रस्त्यावरचा पूल, यांची जबाबदारी कोणाची? राज्य असते तेव्हा त्याच्या जाचाविषयीच आपण बोलतो. ते नाहीसे झाले म्हणजे ते कशासाठी होते हे कळते. येथील लोकांनी वरिष्ठ पंचायत स्थापन केली आणि सात वर्षे तिच्या नावाने कारभार चालला. पोर्तुगीज टपाल-तिकिटांवर 'मुक्त प्रदेश' या अर्थाचा इंग्रजी शिक्का मारून तीच चालविली. तिकीट ही वस्तू क्षुल्लक खरी. पण त्यावर कोणाची मुद्रा आहे यावरून पत्र कोणाच्या भरवशावर निघाले हे समजते.

इकडे हे चालू असता पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी वसूल दिला होता, सार्वभौमत्व नव्हे. ते पुढे ब्रिटिशांच्या मान्यतेने पोर्तुगालकडे आले, असे न्यायालयाने म्हटले. खासगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना वाट होती. सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना नव्हती. आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही. एवढा मोठा खटला वाटेवरून झाला. वाटेच्या टोकाशी राहणारी माणसे त्यात पक्षकार नव्हती. म्हणजे पुण्याच्या तहात जे घडले, तेच जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी हेगमध्ये!

त्यांचे म्हणणे प्रथम लेखी उमटले ते १२ जून १९६१ रोजी. त्या दिवशी वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला. करारावर सही करण्यासाठी प्रशासक बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले, आणि घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून हा मुलूख भारताचा झाला. जमीन भारताची झाली म्हणून तीवरचा मनुष्य आपोआप नागरिक होतो असे मात्र नाही. नागरिकत्व कायद्याच्या सातव्या कलमाखाली त्यासाठी १९६२ साली वेगळा आदेश काढावा लागला. १९६७ मध्ये येथील मतदाराने लोकसभेसाठी पहिल्यांदा मत दिले. 'तेरेम' आणि 'अल्वारा' या पोर्तुगीज जमीनधारा १९७१ च्या विनियमाने रद्द झाल्या. कुळाच्या दृष्टीने पाहिले तर या साऱ्या तारखांत हीच वजनदार ठरावी. मताची चिठ्ठी हाती असून पायाखालची जमीन दुसऱ्याची असेल, तर अर्धे रयतपण शिल्लकच राहते.

पोर्तुगालने १९७४ च्या तहाने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तरी जुन्या अंमलात जन्मलेल्यांना, व काही अटींवर त्यांच्या मुलानातवंडांना, तेथील नागरिकत्व मागता येते. भारतीय कायदा दोन नागरिकत्वे मानीत नाही. परके घेतले की भारतीय जाते. पोटासाठी लंडनला निघालेल्या तरुणास दोष देणे सोपे आहे. पण अर्जावर सही करण्यापूर्वी आपण काय सोडतो आहोत, हे त्यास घरात कोणी तरी सांगितले पाहिजे. दलाल सांगत नाही.

२६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण व दीवशी जोडला गेला. येथे विधानसभा नाही. कारभार राष्ट्रपतींनी नेमलेल्या प्रशासकाकडे असतो. मतदाराच्या हाती उरतात ते लोकसभेतील आपला प्रतिनिधी, जिल्हा पंचायत, सिल्वासाची नगरपरिषद आणि गावची ग्रामसभा. यांपैकी ग्रामसभेत बोलायला कोणाला निवडून यावे लागत नाही. मतदार यादीत नाव असले की पुरे. तेथे वारली बाई उठून विहिरीचा हिशेब विचारू शकते आणि उत्तर देणे सरपंचास भाग असते.