ताऱ्यांचे आयुष्य मुलांस कसे सांगावे
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



तारे जन्मतात आणि लय पावतात, असे आपण वर्गात सांगतो, तेव्हा एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतो, "गुरुजी, हे पाहिले कोणी?" हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. शास्त्राचा आरंभ तेथेच होतो. म्हणून त्या मुलाला गप्प बसवू नये.

त्याचे उत्तर आपल्या शाळेतच आहे. परका मनुष्य एका दिवसात पहिली ते चौथीचे वर्ग पाहतो आणि मूल कसे वाढते हे जाणतो. त्यासाठी त्याला चार वर्षे थांबावे लागत नाही. त्याचप्रमाणे आकाशातही निरनिराळ्या वयांचे तारे एकाच रात्री दिसतात.

माघ महिन्यात रात्री आठच्या सुमारास मृग नक्षत्र आकाशात उंचावर असते. त्यातील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस एक धूसर ठिपका दिसतो. तो वायू व धूळ यांचा प्रचंड मेघ असून सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर आहे. त्यातील द्रव्य गुरुत्वाकर्षणाने आकसते व तापते. गाभ्यात हायड्रोजनपासून हेलियम बनू लागला की तारा जन्मास येतो. हे झाले बालपण.

आपला सूर्य मध्यम वयाचा आहे. तो सुमारे ४६० कोटी वर्षे याच इंधनावर प्रकाशत आहे. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षांनी तो फुगून तांबडा होईल, बाहेरचे थर टाकील आणि पृथ्वीएवढा श्वेतबटू होऊन उरेल. व्याधाचा असाच एक श्वेतबटू सोबती १८६२ साली दुर्बिणीतून दिसला.

मृगाच्या ईशान्य कोपऱ्यातील तांबूस काक्षी मात्र सूर्याहून कितीतरी पट भारी आहे. भारी तारा आपले इंधन उधळेपणाने खर्च करतो. म्हणून काक्षी अल्पवयातच वृद्ध झाला आहे. अशा ताऱ्याचा अंत स्फोटाने होतो. १०५४ साली वृषभ राशीत झालेला असा एक स्फोट चिनी ज्योतिष्यांनी नोंदविला आहे; तो २३ दिवस भरदिवसाही दिसत होता. ताऱ्यांच्या स्फोटांतून लोह अवकाशात पसरते, नव्या मेघांत मिसळते. आपल्या रक्तातील लोहही असेच ताऱ्यांत घडलेले आहे.

आदल्या रात्री शिक्षकाने हे सर्व स्वतः पाहून ठेवावे. नंतर मुलांना मोकळ्या मैदानात न्यावे आणि ताऱ्यांचे रंग त्यांच्याकडूनच वदवून घ्यावेत. "हे पाहिले कोणी?" असे विचारणाऱ्या मुलास त्या वेळी पुढे उभे करावे.