हत्तीपाय आणि लसीकासंस्था
(यवतमाळ जिल्ह्यातील शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्य नव्हे. कला शाखेचा पदवीधर असून शासनाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे. ते करताना घडलेल्या एका चुकीपासूनच आरंभ करतो. काही वर्षांपूर्वी हत्तीरोगाच्या गोळ्यांच्या मोहिमेसाठी मी एक पत्रक लिहिले. 'गोळ्या घ्या, हत्तीपाय घालवा' असा त्याचा मथळा होता. पुढे एका गावी लुगड्याचा काठ पावलावर ओढून बसलेली एक वृद्धा भेटली. "साहेब, दोन साल गोया घेतल्या, पाय काऊन नाही उतरला?" असे तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. त्या वर्षी तिच्या सुनांनी गोळ्या घेण्याचे साफ नाकारले.

ते उत्तर शोधताना जे वाचले व डॉक्टरांकडून समजून घेतले, ते आज सांगतो.

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसीकावाहिन्यांचेही जाळे असते. केशवाहिन्यांतून झिरपलेले पाणी व प्रथिने गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणे हे तिचे काम. झिरपलेले बहुतेक पाणी केशवाहिन्याच परत शोषून घेतात, असे पूर्वीची पुस्तके सांगत. गेल्या काही दशकांतील संशोधनाने मात्र हा भार मुख्यत्वे लसीकावाहिन्यांवरच असल्याचे दाखविले आहे. या व्यवस्थेला हृदयासारखा मध्यवर्ती पंप नाही. वाहिन्यांचे लहान लहान झडपयुक्त भाग आकुंचन पावून द्रव पुढे ढकलतात आणि चालताना पोटरीचे स्नायू त्यांना साहाय्य करतात. मेंदूच्या आवरणातही अशा वाहिन्या आहेत हे २०१५ साली सिद्ध झाले. इतके हे क्षेत्र अद्याप नवे आहे.

हत्तीरोगाचे दोऱ्यासारखे जंत नेमके याच वाहिन्यांत सहा ते आठ वर्षे ठाण मांडतात. त्यांची सूक्ष्म पिले रात्री रक्तात येतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रक्ताचा नमुना घ्यावयास रात्री येतात; त्यांच्याकडे संशयाने पाहू नये. आपल्या शेजारच्या सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील प्रतिजनांवरून हा रोग ओळखण्यासंबंधी दीर्घकाळ संशोधन केले, ही विदर्भास अभिमानाची गोष्ट होय.

वाहिन्यांच्या झडपा एकदा निकामी झाल्या की जंत मेले तरी त्या पूर्ववत होत नाहीत. गोळी रोगाचा प्रसार थांबविते, जुनी सूज उतरवीत नाही. त्या वृद्धेच्या प्रश्नाचे हेच उत्तर होते आणि माझ्या मथळ्याने नेमके तेच दडविले होते.

प्रसार थांबविण्याच्या कामी मात्र गोळीची शक्ती वाढली आहे. पापुआ न्यू गिनी येथील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन औषधे एकदाच घेतलेल्या ५७ बाधितांपैकी ५५ जणांच्या रक्तात वर्षानंतर पिले आढळली नाहीत. जुनी दोन औषधे एकदा घेतलेल्या ५६ जणांत हा आकडा केवळ १८ होता. ही त्रिऔषध पद्धती देशात प्रथम ज्या मोजक्या जिल्ह्यांत आली त्यांत नागपूर होते. तेथे ती २०१९ साली सुरू झाली. गोळी उपाशीपोटी घेऊ नये. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती आणि गंभीर आजारी व्यक्तींना ती देत नाहीत. गोळीनंतर किंचित ताप वा मळमळ आल्यास ते बहुधा जंत मरत असल्याचे लक्षण असते. एवढे आधी सांगितले तर गावात अफवा उठत नाही.

मग ज्यांचा पाय सुजलाच आहे, त्यांचे काय? डॉक्सिसायक्लिन या औषधाबद्दल २०१२ मध्ये घानातील अभ्यासाने मोठी आशा निर्माण केली होती. पुढे भारतासह अन्य देशांत झालेल्या चाचण्यांत ती आशा टिकली नाही. पायाची निगा मात्र उपयोगी ठरली. साबण व स्वच्छ पाण्याने पाय रोज धुणे, बोटांच्या बेचक्यांतून हळुवार टिपून कोरडा करणे, भेगांना मलम लावणे, रात्री पाय उंचावर ठेवणे, एवढेच ते. जंतू भेगांतून शिरतात, जांघेत अवधाण येते, थंडी वाजून ताप भरतो आणि अशा प्रत्येक झटक्यागणिक सूज वाढते. केरळात कासरगोड येथील त्वचारोग संस्थेने याच निगेला आयुर्वेद, योग व दाबपट्ट्यांची जोड दिली आहे. अंडवृद्धीवर तर शस्त्रक्रियेचा उपाय आहे. पुरुषांनी लाजेपायी ती टाळू नये.

कपाशीच्या रानात अनवाणी राबणाऱ्या बाईला रोज पाय कोरडा ठेवा म्हणून सांगणे सोपे नाही, हे मी जाणतो. टब, मग, साबण, टॉवेल व मलम यांचा संच आपल्या गावातील रुग्णांस मिळाला की नाही, हे सदस्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. हा डास घाण पाण्यात वाढतो. तेव्हा शोषखड्डे आणि वाहती गटारे हे ग्रामपंचायतीचेच काम आहे. शौचालयाच्या टाकीच्या वायुनळीला जाळी बांधण्यास तर अनुदानाची वाट पाहण्याचेही कारण नाही. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणि सुतळी पुरते.

पत्रकाचा मथळा मी बदलला आहे. नवे पत्रक घेऊन त्या वृद्धेकडे पुन्हा गेलो, तेव्हा तिने ते नातीकडून वाचवून घेतले आणि साबण कोणता, एवढेच विचारले. अंगाला लावता तोच, मी म्हणालो.