संगणकाच्या भाषा आणि नोकरीची बाजारपेठ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



बारावीचे निकाल लागले की समाजातील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : मुलाने अथवा मुलीने संगणकाची कोणती भाषा शिकावी म्हणजे नोकरी पक्की होईल? या प्रश्नामागे पालकांची काळजी आहे आणि पुष्कळदा कर्ज काढून भरलेली फीदेखील आहे. व्यापारी नवा माल भरण्यापूर्वी मागील हंगामांचा हिशेब पाहतो; येथेही तसेच करणे उचित ठरेल.

कोबोल ही भाषा १९५९ मध्ये अमेरिकेत व्यापारी कामकाजासाठी आखण्यात आली. जुन्या प्रणालींत वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक नोंदविलेले असत. त्यामुळे २००० साल उजाडताच सारे हिशेब कोलमडतील अशी धास्ती जगभर पसरली, आणि त्या दुरुस्तीच्या कामावर भारतीय कंपन्यांची भरभराट झाली. कोबोल जाणणाऱ्या तरुणास परदेशाची दारे उघडली. काम संपले, २००१ मध्ये अमेरिकेत मंदी आली आणि तीच दारे अनेकांना बंद झाली. कोबोलचा काळ सरला असे सर्वत्र मानले जात असतानाच, एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या संकटात न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. बेरोजगारांच्या अर्जांचा लोंढा आला होता आणि तेथील जुनी प्रणाली त्याच भाषेत होती. कापड बाजारातील जुन्या मंडळींना याचे नवल वाटू नये. टेरिलीनच्या बहरात सुती कापडाचे दिवस संपले असे किती जणांनी म्हटले होते!

पायथनची कथा याच्या उलट आहे. ती १९९१ मध्ये जन्मली. परंतु माहितीचे विश्लेषण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची कामे वाढली तेव्हा, म्हणजे सुमारे दोन दशकांनंतर, तिला प्रचंड मागणी आली. मागणी भाषेला नसते, त्या भाषेत होणाऱ्या कामाला असते. 'अमुक भाषा शिका, नोकरीची हमी' अशा जाहिरातींवर लाखभर रुपये खर्चणाऱ्या पालकांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

मग टिकते काय? पेढीवरील वह्या एके काळी मोडीत लिहिल्या जात, पुढे बालबोध आली, आता टॅली आहे. जमा-नावे मात्र तेच राहिले. संगणकातही असेच आहे. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याची कल्पना दिली. तिच्यावर उभी असलेली एसक्यूएल अर्धशतकानंतरही बँकांपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत उपयोगात आहे. त्याखालचे गणित तर याहून जुने. इ. स. ८५० च्या सुमारास 'गणितसारसंग्रह' लिहिणाऱ्या जैन आचार्य महावीरांनी दिलेला संयोगांचा नियम आजचा संगणकाचा विद्यार्थीही शिकतो.

नाशिकच्या विद्यार्थ्यापुढे केवळ हिंजवडी वा बेंगळुरूच असावे, असेही नाही. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतील सीएनसी यंत्रे 'जी-कोड'वर चालतात, स्वयंचलित यंत्रणांना पीएलसी लागते. यंत्र समजणारा आणि त्याची आज्ञावली लिहिणारा असा दुहेरी माणूस तेथे मोलाचा असतो. तीच गोष्ट वाणिज्य शाखेची. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून हिशेबाचे नियम व संगणक दोन्ही जाणणाऱ्या पदवीधराला कामाचे नवे क्षेत्र खुले झाले आहे. बी.कॉम. करून पुन्हा शून्यापासून जावा शिकण्याची धडपड त्याने का करावी?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर साधी आज्ञावली यंत्रच लिहून देऊ लागले आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० पदे कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यांत प्रामुख्याने मध्यम व वरिष्ठ श्रेणीतील अनुभवी माणसे होती. व्यवस्थापनाने कारण दिले ते कौशल्यांचा मेळ न बसण्याचे. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक हे ओळखण्यासाठी मूळ विषयच यावा लागतो. आणि शिक्षण नोकरी लागल्यावर थांबविता येत नाही.

चांदवड येथे १९२८ मध्ये स्थापन झालेल्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम संस्थेने अभियांत्रिकीपर्यंतची सोय जिल्ह्यातच करून दिली आहे. ट्रस्टनेही शिष्यवृत्तीच्या अर्जात अभ्यासक्रमाच्या नावाखाली आणखी एक रकाना ठेवावा : 'पूर्ण केलेले एक काम'. काम समाजातीलच एखाद्या दुकानाचे असावे. कोणता माल किती महिने पडून आहे, कोणत्या ग्राहकाची उधारी थकली आहे, हे मालकाला रोज सायंकाळी दिसेल अशी व्यवस्था विद्यार्थ्याने करून द्यावी. दुकानदारांनी त्यासाठी आपल्या वह्या उघडाव्यात, हे त्यांना थोडे जड जाईल. उन्हाळ्याच्या सुट्टीचे दोन महिने या कामाला पुरेसे आहेत.

जय जिनेन्द्र!