हरभरा तिथीला बांधूं नका
(सोनपेठ येथें शेतकरी बंधुभगिनींपुढें केलेलें भाषण)

तुम्ही औत धरतां, आम्ही खडू धरतों. तरी मास्तरास हिशेब येतो, म्हणून हरभऱ्याचा हिशेब तुमच्यापुढें मांडतों.

आपल्या कित्येक घरीं म्हणतात, ‘दसरा होऊं द्या, मग हरभरा पेरूं.’ आतां पाहा. २०२३ सालीं अधिक श्रावण आला व दसरा २४ ऑक्टोबरला पडला. २०२५ सालीं तोच दसरा २ ऑक्टोबरला आला. बावीस दिवसांचा फरक! जमिनींतील ओल दसऱ्यासाठीं थांबते काय? कोरडवाहू हरभऱ्यास पुढें पाणी मिळावयाचें नाहीं. सारें आयुष्य त्यानें त्या एका ओलीवर काढावयाचें. पेरणीस उशीर झाला कीं उगवण विरळ होते, आणि घाटे भरावयाच्या वेळीं ओल संपून ऊन चढतें. दाणा बारीक राहतो. याकरितां सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या दहा-पंधरा तारखेपर्यंत पेरून मोकळें व्हा. आपल्या आजोबांचें हस्त नक्षत्र सूर्याच्या चालीवर आहे. तें दर वर्षीं २७ सप्टेंबरच्या सुमारासच लागतें. मुहूर्त सांगणाऱ्याच्या तिथीपेक्षां कुणब्याचें हें गणित पक्कें आहे. सोयाबीन उभें असेल तर तें निघतांच वखराची एक पाळी देऊन पेरा; चार पाळ्यांनीं ओल उडते.

वाणाविषयीं थोडेंच. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा ‘विजय’ अवर्षण सोसतो व मर रोगास दाद देत नाहीं. बदनापूरचा ‘आकाश’ही आपल्या मराठवाड्यांतलाच. टपोऱ्या काबुलीस भुलूं नका, त्यास पाणी लागतें. हरभऱ्याचें फूल स्वतःच्याच परागानें फळतें, म्हणून सुधारलेलें बी एकदां आणलें कीं घरचें निवडक बी दोन-तीन वर्षें चालतें. दर वर्षीं दुकानाची पायरी कशास चढावी?

तण म्हणजे न बोलावलेला भागीदार. पिकाच्या ओलींतच तें पितें. हरभरा लहानपणीं हळू वाढतो, म्हणून पहिला महिना-दीड महिना रान स्वच्छ पाहिजे. विसाव्या दिवशीं कोळपें, तिसाव्या दिवशीं पुन्हां. कोळपण्यानें भेगाही बुजतात व ओल टिकते. ओळींतलें तण खुरपूनच निघतें. तें काम आपल्या मायबहिणी करतात, पण पेरणीच्या मसलतीस त्यांना कोण बसवितो?

हस्त लागण्याची तारीख आम्ही शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवूं. ज्यांस वाचतां येत नाहीं, त्यांनीं ती आपल्या मुलीकडून वाचून घ्यावी.