गाडी कुठे आहे, हे रेडिओ कसा सांगतो?

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात सभासदांपुढे केलेले भाषण)



माझ्या गाडीच्या टपावरची काठी पाहून मला बऱ्याच जणांनी विचारलंय, "काका, पोलिसांत आहात का?" नाही. मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. ती काठी म्हणजे अँटेना. गाडी चालू असली की दर एक-दोन मिनिटांनी मी कुठे आहे ते ती हवेत सांगते.

पुष्कळांना वाटतं की उपग्रह आपल्या गाडीवर नजर ठेवतो. जीपीएसचा उपग्रह फक्त बोलतो, ऐकत नाही. त्याचं ऐकून गाडीला स्वतःची जागा कळते, बस. ती दुसऱ्याला कळवायची तर वेगळी सोय लागते. मोबाइलमध्ये ते काम कंपनीचा टॉवर करतो, माझ्याकडे व्हीएचएफ सेट. अक्षांश, रेखांश, वेग, दिशा आणि माझा कॉलसाइन, सगळं सेकंदाला १२०० बिट या गतीनं एका छोट्या 'चर्रर्र'मध्ये बसतं. डायल-अप इंटरनेटचा आवाज आठवतो ना? त्याचंच भावंड.

या पद्धतीला एपीआरएस म्हणतात. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले इंजिनिअर बॉब ब्रुनिंगा यांची ती देणगी. त्यांचा कॉलसाइन डब्ल्यूबी४एपीआर, त्यातच नाव दडलेलं आहे! १९८४ साली १०० मैलांच्या घोडदौडीत घोडे कुठवर पोचले हे कळवायला त्यांनी व्हिक-२० हा घरगुती कॉम्प्युटर वापरला. घोड्यांवरून ही कल्पना पुढे गाड्यांवर आली.

आता महत्त्वाचं. भोरमार्गे वरंध घाटातून महाडला जाताना घरी नकाशावर माझा ठिपका काही वेळानं थांबतो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा आमच्या घरी कुणी जेवलं नाही. मी मात्र मजेत भजी खात होतो. ठिपका म्हणजे गाडी नव्हे, गाडीची शेवटची ऐकू आलेली हाक. गाडी बोलतच असते, पण डोंगराआड ऐकायला कुणी नसतं. मोबाइलचंही तेच. २६ जुलै २००५ ला मुंबईत ज्यांची माणसं अडकली होती त्यांना हे समजावून सांगायला नको.

ऐकायला काय लागतं? उंच जागा, दीड मीटरची अँटेना, एक रिसीव्हर आणि वाय-फाय. आलेला संदेश इंटरनेटवर चढवला की तो कुठूनही दिसतो. आपल्या गच्चीवरून सिंहगड समोर दिसतो. घाट ऐकू येणार नाही, खोटं कशाला सांगू? पण खडकवासल्याचा रस्ता आणि गडाची बरीचशी वाट पकडता येईल.

गच्चीवरच्या "रेडिएशन"ची काळजी काही सभासदांनी कमिटीकडे लेखी मांडली आहे. काळजी रास्त आहे, पण मी मागतोय ते यंत्र हॅम रेडिओवर फक्त ऐकणारं आहे, वाय-फाय सोडलं तर काहीही प्रक्षेपित करत नाही. विजेसाठी अर्थिंग मी स्वखर्चानं करीन.

दोन गोष्टी आधीच सांगतो. हॅम रेडिओवर सांकेतिक भाषा चालत नाही, त्यामुळे माझा ठिपका कुणालाही दिसतो. गावाला निघालो की घर बंद आहे हेही जगाला कळतं, म्हणून मी कधीकधी सेट बंदच ठेवतो. दुसरं, धंद्यासाठी हा रेडिओ वापरता येत नाही. तेव्हा बी विंगमधल्या टेम्पोवाल्या मित्रांनो, माफ करा! आणि चोरीला गेलेली गाडी शोधायची म्हणाल, तर चोर आधी वायरच ओढेल.

मुलांसाठी एक सांगायचं राहिलं. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की परवान्याच्या परीक्षेला बसता येतं. अभ्यासाला कुणी येणार असेल तर रविवारी दहानंतर मी घरीच असतो. माझा गच्चीचा अर्ज पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. तोवर यंत्र घरच्या बाल्कनीत लावून ठेवलंय. ज्यांना शंका आहे त्यांनी येऊन बघावं.