उंदराच्या तळपायाची साक्ष



मोटारींचे मोठे कारखाने येण्याआधी पिंपरीचे नाव औषधाने झाले. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. अशा गावात एक अवघड प्रश्न मांडतो: औषधाची परीक्षा मुक्या जिवावर घेणे न्याय्य आहे का? माझे उत्तर असे, की दुसरा मार्ग नसेल तोवरच.

कुष्ठरोगाचा दाखला पाहा. नॉर्वेचे डॉक्टर हान्सेन यांना १८७३ मध्ये दिसलेला त्याचा जंतू आजही प्रयोगशाळेतल्या कृत्रिम खाद्यावर वाढत नाही. तेव्हा प्रयोगासाठी योग्य प्राणीही सापडला नव्हता, आणि भोगावे लागले माणसाला. १८७९ मध्ये हान्सेननी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिला न विचारता कुष्ठगाठीतला अंश टोचला. त्याबद्दल न्यायालयाने त्यांचे रुग्णालयातले पद काढून घेतले. १९६० मध्ये अमेरिकी संशोधक शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात हा जंतू वाढवून दाखवला. तो दुप्पट व्हायलाच बारा-चौदा दिवस घेतो, म्हणून अशा उंदरांवर औषधाच्या एकेका चाचणीला महिने लागत. पण याच चाचणीने १९६४ मध्ये सिद्ध केले, की काही रुग्णांचे जंतू डॅप्सोन या तेव्हाच्या औषधाला दाद देत नाहीत; आणि १९७० मध्ये रिफाम्पिसिन हे दुसरे औषध जंतूंना किती झपाट्याने मारते, हेही. एकाच औषधावर विसंबणे धोक्याचे ठरले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुविध औषधोपचाराची, म्हणजे अनेक औषधे एकत्र देण्याची, शिफारस केली, आणि हा उपचार देशात ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाला, त्यांत आपला वर्धा होता.

कोणी म्हणेल, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. खरेच आहे. तळपायाच्या चाचणीतून रुग्णाच्या बधिर हाताची कथा कळत नाही. पण तिला विचारलेला प्रश्न एवढाच होता, की जंतू जिवंत आहे की मेला. रुग्ण बरा होतो का, हे रुग्णांच्याच संमतीने, दवाखान्यातच पारखावे लागले. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: आपल्या सोयीसाठी दुसऱ्या जिवाला दुखवण्याचा हक्क कोणी दिला? हक्क कोणीच दिला नाही. होती ती नड, आणि नड संपली की परवानगीही संपते. आज रिफाम्पिसिनला न जुमानणारा जंतू त्याच्या जनुकातल्या बदलावरून ओळखता येतो. तिथेही केवळ सवयीने उंदीर वापरणे ही क्रूरताच.

मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात औषधांची गुणवत्ता तपासतील, कोणी त्यासाठी यंत्रे बनवतील. एका प्राण्याची गरज कमी करणारी अचूक चाचणी शोधणे हेही औषध शोधण्याच्याच तोलामोलाचे काम आहे. ते तुमच्या हातून घडो, ही शुभेच्छा.