गणित पुस्तकातले, हिशेब घरातला



कुही, मांढळ, वेलतूर या बाजूची मुले आणि मुली आता वाणिज्य किंवा अर्थशास्त्र हे विषय घेऊन पदवीचा अभ्यास करू लागली आहेत. त्यांच्याजवळ तीन वह्या हमखास सापडतात. एक संख्याशास्त्राची, दुसरी लेखाकर्माची आणि तिसरी अर्थशास्त्राची. परीक्षा जवळ आली म्हणजे या वह्यांत सरावाची उदाहरणे भराभर सुटू लागतात. सूत्र पाठ असते, रीत पाठ असते आणि उत्तर मागच्या पानाशी जुळले की विद्यार्थी समाधानाने पान उलटतो. पण त्याच घरात वडील बाजारातून अडत्याची हिशेबपट्टी घेऊन येतात, ती मात्र खुंटीवरच्या पिशवीत तशीच राहते. पुस्तकातले गणित निराळे आणि घरातला हिशेब निराळा, अशी आपण वाटणीच करून टाकली आहे!

उत्तर काढता येणे ही निम्मी विद्या होय. आकड्यात काय धरले आणि काय सोडले, हे विचारता येणे ही उरलेली निम्मी. आणि ती शिकण्यासाठी खेड्यातल्या विद्यार्थ्याजवळ शहरातल्यापेक्षा अधिक साहित्य आहे. तिन्ही वह्यांतले एकेक उदाहरण आपण आपल्याच शिवारात करून पाहू.

प्रथम संख्याशास्त्र. समजा, एका शेतकऱ्याने वाळलेली मिरची तीन खेपांत विकली. पहिल्या खेपेला १ क्विंटल, भाव १६,००० रुपये. दुसऱ्या खेपेला २ क्विंटल, भाव १४,०००. तिसऱ्या खेपेला ५ क्विंटल, भाव १०,०००. तर सरासरी भाव काय पडला? घाईने सांगणारा तीन भावांची बेरीज करील, तिनाने भागील आणि म्हणेल, १३,३३३. पण हातात पैसे किती आले ते पाहा. सोळा, अठ्ठावीस आणि पन्नास हजार मिळून ९४,००० रुपये. माल ८ क्विंटल. म्हणजे खरा भाव पडला ११,७५०. यालाच पुस्तकात भारित सरासरी म्हणतात. चावडीवर मात्र सोळा हजारांच्याच भावाची चर्चा होते. त्या भावाने गेला फक्त एक क्विंटल, हे कोणी बोलत नाही. भाव चढा असतो तेव्हा माल थोडा असतो आणि माल भरपूर निघतो तेव्हा भाव उतरलेला असतो.

सरासरीची दुसरी एक खोडी आहे. गावात दहा घरे समजा. नऊ घरांना प्रत्येकी ३ एकर आणि एका घराला ४३ एकर. एकूण जमीन ७० एकर, सरासरी ७ एकर. आता त्या गावात सात एकर असलेले घर शोधून दाखवा बरं! एकही नाही. सगळी घरे चढत्या क्रमाने मांडून मधले पाहिले तर ३ एकर येते. हा मध्यक. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरोल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली आणि ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. तीत १७७१ साली सरासरी ४० एकरांचे असलेले खाते १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आले, असे त्यांनी दाखवले. पण ते त्या सातावर थांबले नाहीत. शंभरातली ८१ खाती दहा एकरांच्या आतली आहेत, हेही त्यांनी वेगळे मोजून सांगितले. सरासरीच्या आड कोण लपले आहे हे पाहणे, हाच या उदाहरणाचा धडा.

ही केवळ पुस्तकी बाब नव्हे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाईचा मोठा आधार म्हणजे पीककापणी प्रयोगांतून काढलेले त्या विमा क्षेत्राचे सरासरी उत्पन्न. एखाद्याची बांधी पार गेली आणि भोवतालच्या बांध्या साधल्या, तर सरासरी त्याच्या बाजूने बोलत नाही. कापणीसाठी कोणता तुकडा घ्यायचा, हेही म्हणूनच महत्त्वाचे. रस्त्यालगतचे बरे दिसणारे शेत घेऊन चालत नाही; चिठ्ठी टाकावी तशी निवड व्हावी लागते. याला यदृच्छ नमुना म्हणतात. आपल्या देशात ही रीत रुजवणाऱ्यांत बंगालचे प्रशांतचंद्र महालनोबिस होते, तसेच सातारा जिल्ह्यात १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हेही होते. गावात पीककापणी होईल त्या दिवशी शिक्षकांनी वर्गाला धुऱ्यावर उभे करावे. नमुना निवडीचा धडा तिथे तासाभरात कळेल.

आता लेखाकर्म. रोजकीर्द, खतावणी, तेरीज पत्रक हे शब्द मुलांना जड वाटतात. पण आपल्या गावचा जुना दुकानदार काय करीत आला आहे? ज्याला दिले त्याच्या नावे, ज्याच्याकडून आले त्याची जमा. तेव्हा हे शास्त्र आपल्याला परके नाही. आपल्या शेतीची वही मात्र आपण ठेवत नाही.

एक एकर धानाचे उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. धान विकून आले ४०,००० रुपये. बियाणे, खत, ट्रॅक्टर, रोवणी-कापणीची मजुरी असा खर्च २२,०००. शेतकरी म्हणेल, अठरा हजार सुटले. बरं, घरच्या माणसांनी जे राबले त्याची रोजी? ती १२,००० धरा. मग उरले सहा हजार. आणि जमीन स्वतःची असली तरी ठेक्याने दिली असती तर काही आले असते. विहीर आणि अवजारांत अडकलेल्या पैशावर व्याज मिळाले असते. त्याचे ९,००० धरा. आता काय झाले? तीन हजारांचा तोटा! शेत तेच, धान तेच, पैसेही तेच. उत्तरे मात्र तीन.

यातले खोटे उत्तर कोणते? एकही नाही. प्रत्येक उत्तर निराळ्या प्रश्नाचे आहे. १९६५ साली स्थापन झालेला आणि १९८५ पासून कृषी खर्च व मूल्य आयोग या नावाने ओळखला जाणारा आयोग हेच तीन प्रकार मांडतो. रोख खर्चाला तो 'ए २' म्हणतो. त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की 'ए २ अधिक एफएल' आणि जमिनीचे भाडे व भांडवलाचे व्याज मिळवले की 'सी २'. केंद्र सरकारने २०१८ साली खर्चाच्या दीडपट हमीभावाचे धोरण जाहीर केले ते 'ए २ अधिक एफएल' धरून. शेतकरी संघटनांची मागणी 'सी २' धरून आहे. आपल्या उदाहरणात पहिली दीडपट ५१,००० होते आणि दुसरी ६४,५००. एका एकरात साडेतेरा हजारांचे अंतर! दीडपट म्हटल्यावर 'कशाच्या?' हे विचारणारा विद्यार्थी लेखाकर्म शिकला असे समजावे.

घसाऱ्याचेही तसेच. पंप ३०,००० रुपयांचा आणि दहा वर्षे चालणारा, तर दर वर्षाला ३,००० रुपये झिजले. ते बाजूला काढले नाहीत म्हणजे अकराव्या वर्षी पंप कर्जाने येतो.

शेवटी अर्थशास्त्र. मिरचीला एका वर्षी भाव चांगला मिळाला. पुढच्या वर्षी जो तो मिरची लावतो. सातरे भरून जातात आणि भाव कोसळतो. तिसऱ्या वर्षी लोक हात आखडतात, माल कमी येतो, भाव पुन्हा चढतो. भाव आणि पेरा यांच्या या येरझाऱ्या कागदावर काढल्या तर कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती होते. म्हणून निकोलस काल्डोर यांनी १९३४ साली तिला तेच नाव दिले आणि मॉर्डेकाय इझेकिएल यांनी १९३८ साली तिचा सविस्तर सिद्धान्त मांडला. त्यांनी भिवापुरी मिरची पाहिली नसेल, पण आपली गोष्ट त्यांनी ओळखली होती.

याच्या पोटात मागणीची लवचिकता आहे. मिरची स्वस्त झाली म्हणून कोणी वरणात दुप्पट घालत नाही. समजा, बाजारात १,००० पोती आली तेव्हा भाव पोत्याला १०० होता. सगळ्यांचे मिळून एक लाख झाले. पुढल्या वर्षी १,२०० पोती आली आणि भाव ६० झाला. आता हाती आले ७२,०००. दोनशे पोती अधिक पिकवून अठ्ठावीस हजार कमी! एकट्याने पिकवले तर फायदा, सगळ्यांनी पिकवले तर तोटा. तेव्हा पेरणीच्या वेळी मागच्या वर्षीच्या भावाबरोबरच यंदा शेजारी किती लावतो आहे, हेही विचारावे.

शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती की, दर आठवड्याला एक उदाहरण पुस्तकाबाहेरचे द्यावे. हिशेबपट्टी आणायला सांगावी, तीवरचे नाव झाकावे आणि आकडे फळ्यावर मांडावेत. घरच्या वडीलधाऱ्यांनी वहीचा एक कोपरा मुलीच्या किंवा मुलाच्या स्वाधीन करावा.

जाता जाता एक सरावाचे उदाहरण. जवळच्या बाजारापेक्षा नागपूरला क्विंटलमागे ९०० रुपये अधिक मिळतात असे धरा. तिथे जास्तीची हमाली आणि बारदाना क्विंटलमागे ३००. गाडीभाडे आणि बुडालेली रोजी मिळून दर फेरीला ३,०००. किती माल असला तर ती फेरी अंगाशी येणार नाही? क्विंटलमागे सुटतात सहाशे, तेव्हा उत्तर पाच क्विंटल. पुस्तकातले उदाहरण इथे संपते. पण ज्याच्याजवळ दोनच क्विंटल आहे त्याने काय करावे? त्याने आणखी दोघांना विचारावे आणि तिघांत मिळून एक गाडी करावी.